कळा सुरू झाल्या की नवऱ्याने काय करायचं?

प्रश्न: बायकोला नववा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. मला आत थांबायची परवानगी मिळाली आहे. पण नुसतं उभं राहून काय उपयोग? (एक वाचक, धायरी)

उत्तर: नुसतं उभं राहू नका. घरी कळा मोजा: एक सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत. 5 मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी मिनिटभर, असं तासभर चाललं की निघा. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळची गर्दी असेल तर आधीच. पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर मोजत बसू नका.

कळ कंबरेत आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळव्याचा मनगटाजवळचा भाग टेकवा आणि कळ ओसरेपर्यंत चांगला दाब द्या. बहुतेक नवरे इथे हळूच चोळत बसतात. त्याने आराम कमी, चिडचिड जास्त. जोर किती हवा ते तिलाच विचारा, पण दोन कळांच्या मध्ये. अधूनमधून तिला लघवीची आठवण करून द्या, भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली उतरू देत नाही. "जोर लाव" हे मात्र डॉक्टरांनाच म्हणू द्या.

आणि स्वतः दोन घास खाऊन आत जा. उपाशीपोटी भोवळ येणारे बाबा नर्सबाईंना नवे नाहीत.