बीएस्सी अ‍ॅग्रीची पहिली दोन वर्षं: क्लास राहू दे, आधी हे धर

तुझं वाचलं. बेळगाव जिल्ह्यात चिकोडीकडची, दहावी मराठी मिडियम, पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, सीईटीतनं धारवाडला बीएस्सी अ‍ॅग्रीला सीट लागली, आणि आता विचारालीस की पहिल्या वर्षापासनंच बँकेच्या एएफओचा (अ‍ॅग्रिकल्चर फील्ड ऑफिसर) ऑनलाइन क्लास लावू का, पुढं जेनेटिक्स का एंटोमॉलॉजी (कीटकशास्त्र) ते आत्ताच ठरवू का, आणि पप्पा म्हणतात सुट्टीला आलीस की शेतात चल, त्यात अभ्यासाचा वेळ जाईल का. मी धारवाडच्याच कॉलेजचा, सध्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे, नवीन डिग्री झालेली पोरं आमच्याकडं येत असतात, त्यांच्याकडं बघून सांगतो.

क्लास आत्ता लावू नको. एएफओ चार वर्षांची डिग्री झाल्यावरची परीक्षा, आणि त्यातल्या विषयाच्या पेपरला माती, अ‍ॅग्रोनॉमी, हॉर्टिकल्चर, कीड-रोग हे बरंच विचारतात, म्हणजे तुला पहिल्या दोन वर्षांत जे शिकवणार त्यातलंच. ते वर्गात नीट केलीस तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला तयारी सुरू केली तरी चालतंय. विषय पण आत्ता ठरवू नको, बारावीपर्यंत आपण एंटोमॉलॉजी बघितलेलीच नसते तर ठरवणार कशावरनं?

क्रेडिट कळून घे पहिल्या आठवड्यातच. कोर्सपुढं ३ (२+१) असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठवड्याला दोन तास लेक्चर आणि एक क्रेडिट प्रॅक्टिकल, पण प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे दोन तास. पोरं थिअरी घोकतात आणि प्रॅक्टिकल रेकॉर्ड शेवटच्या रात्री दुसऱ्याचं बघून उतरतात, आणि मार्क तिथंच जातात. पहिल्या सेमिस्टरला इंग्लिशमुळं जड जाणार, आपल्या मराठी मिडियमच्या सगळ्यांनाच जातं, म्हणून घाबरून मागच्या बाकावर बसू नको, कारण शेवटचा ओजीपीए, म्हणजे पूर्ण डिग्रीची ग्रेडची सरासरी, सगळ्या सेमिस्टरचा मिळून निघतो आणि पुढं एमएस्सीला जायचं म्हटलं तर तो पण बघतात. रोजच्या लेक्चरमधले दहा-पंधरा नवीन शब्द वहीत उतरून त्याच्यापुढं आपल्या भाषेत अर्थ लिही, एवढं केलीस तरी दुसऱ्या सेमिस्टरला फरक दिसतोय.

आता जीव कुठं लावायचा. माझ्या मते सॉइल सायन्स, स्टॅटिस्टिक्स आणि जेनेटिक्स, हे तीन.

सॉइल सायन्सचं घरचंच उदाहरण घे. तुमच्याकडच्या काळ्या रानात ऊस पिवळा पडतो, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं-पांढरं, ज्याला आपण केवडा म्हणतो. शेतकरी म्हणतो युरिया कमी पडला, आणि अजून एक पोतं टाकतो. खरं म्हणजे जमिनीत लोह असतं पण चुनखडी जास्त आणि पीएच आठच्या वर, त्यामुळं मुळांना ते उचलता येत नाही. हे पुस्तकात दोन ओळीत असतंय, पण तुझ्याच रानात बघितलीस की आयुष्यभर विसरणार नाहीस. नदीकाठाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आहेत, तिथं ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) म्हणजे काय ते शिकवायला मास्तर लागत नाही. आणि खानापूरकडची मैत्रीण झाली तर तिच्या गावची माती बघायला जा, तिकडं पाऊस जास्त, माती तांबडी आणि आम्लधर्मी, एकाच जिल्ह्यात सगळं उलटं.

स्टॅटिस्टिक्सला पोरं फार कंटाळतात. पण पुढं तुझ्याकडं कंपनीचा माणूस येऊन सांगणार की आमचं औषध मारल्यावर उतारा वाढला, तेव्हा तुला विचारता आलं पाहिजे की किती ठिकाणी करून बघितलं, न मारलेलं रान शेजारी होतं का, आणि आलेला फरक सीडीपेक्षा (क्रिटिकल डिफरन्स, योगायोगानं येऊ शकणाऱ्या फरकाची हद्द) जास्त आहे का. हे ज्याला विचारता येत नाही त्यानं शेतकऱ्याला सल्ला देऊच नये, असं मला मनापासून वाटतं, कारण पैसे शेतकऱ्याचे जातात.

जेनेटिक्स म्हणजे मेंडेलचे वाटाणे एवढंच डोक्यात ठेवू नको. आपल्या भागात ऑगस्ट-सप्टेंबरला ढगाळ वातावरण राहिलं की सोयाबीनवर तांबेरा येतो, जेएस ३३५ हे वाण त्याला लगेच बळी पडतं आणि धारवाडचं डीएसबी २१ तग धरतं. दोन्ही शेजारी-शेजारी लावलेली असली तर पान उलटं करून बघ.

कीटकांची पेटी करायला लावतील, ती विकत घेऊ नको. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात, तिथनंच सुरू कर. भुंगेऱ्याला पिन मधोमध मारत नाहीत, उजव्या पंखाच्या कवचातनं मारतात, फुलपाखराला मात्र छातीच्या मधोमध. पेटीत डांबराची गोळी ठेव नाहीतर मुंग्या सगळं खाऊन टाकतात. 

आणि पप्पांचं ऐक. सुट्टीत शेतात गेलेला वेळ वाया जात नाही, फक्त नुसती फिरून येऊ नको. एक प्लॉट ठरव आणि त्याची वही घाल: लावण कधी, जात कुठली, खत किती, पाणी किती दिवसांनी, मजुरी किती, शेवटी टनेज किती. खोडवा पण लिही, लोक खोडव्याचा हिशोबच ठेवत नाहीत. खत घालायच्या आधी मातीचा नमुना घे, नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा, बांध आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडून, सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो राहीपर्यंत. केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) तपासून मिळते, मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टी, जवळ पडेल तिथं दे. चौथ्या वर्षी रावेला (गावात राहून शेतीचं काम शिकायचा कोर्स) गावात राहायला पाठवतात तेव्हा अशी वही घातलेली पोरं शेतकऱ्यापुढं गप्प बसत नाहीत.

२०२४-२५ पासून जो नवीन अभ्यासक्रम आलाय त्यात सुरवातीलाच स्किलचे कोर्स आहेत. कॉलेजात जे असतील त्यातनं निवडायचे, पण नर्सरी असली तर ती घे, एक डोळा ऊसरोपांना आपल्याकडं मागणी आहे. एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं असं कोण सांगेल, ती वाट अडचणीतल्यांसाठी आहे, त्यावर प्लॅन करू नको. 

कन्नड बोलायला लाजू नको, हॉस्टेलला रूममेट कन्नडवालीच बघ. सप्टेंबरात धारवाडला कृषी मेळा भरतो, पहिल्या वर्षापासनं जा आणि प्लॉटवर उभ्या असलेल्या सीनियरना प्रश्न विचार. संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र तर तुझ्या घराजवळ, दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढ.

पप्पांच्या उसाची जात कुठली आणि मातीचा जुना रिपोर्ट असला तर तो पण इथं टाक, पहिली वही कुठल्या प्लॉटची घालायची ते बघून सांगतो.