वाचकांचे प्रश्न : ऐकून शिकलेली संशोधन पद्धती

प्रश्न : नोकरी सांभाळून मी शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करतो आहे. बसून वाचायला वेळ फारसा मिळत नाही, म्हणून संशोधन पद्धती आणि शैक्षणिक विचारवंत या दोन्ही विषयांवरची ध्वनिमुद्रित व्याख्याने येता-जाता ऐकतो. ऐकताना सगळे समजते. आठवड्याने कोणी विचारले तर मात्र गोष्ट तेवढी सांगता येते, बाकी काही नाही. हा विषय ऐकून शिकण्याजोगा नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. ‘गोष्ट तेवढी सांगता येते’ असे आपण लिहिले आहे, त्यातच अडचण नेमकी कुठे आहे ते आले. चांगला व्याख्याता संशोधनाची हकिगत रंगवून सांगतो. ऐकणाऱ्याच्या मनात ती हकिगत आणि तिचा शेवट राहतो, आणि तो शेवट ज्या आराखड्यावर उभा असतो तो आराखडा निसटून जातो. संशोधन पद्धतीत तर तो आराखडाच शिकायचा असतो.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास शिक्षणशास्त्राच्या बहुतेक व्याख्यानमालांत येतोच. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन, चाचणीवरून ही मुले लवकरच विशेष प्रगती करतील असे दिसते, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडलेली होती. पुढे बुद्धिमापन चाचणीत त्या मुलांची वाढ इतरांपेक्षा अधिक आढळली. एवढे ऐकल्यावर ‘शिक्षकाच्या अपेक्षेने मूल पुढे जाते’ हे वाक्य कायमचे लक्षात राहते. हा फरक मुख्यतः पहिली-दुसरीच्या मुलांत दिसला होता, वरच्या इयत्तांत तो तसा नव्हता, आणि वापरलेली चाचणी इतक्या लहान मुलांसाठी योग्य होती का यावर पुढे जोरदार आक्षेप घेतले गेले, हा भाग मात्र कितीजणांना आठवतो?

म्हणून माझा आग्रह असा, की व्याख्याता ‘आणि निष्कर्ष काय निघाला’ इथवर आला की ध्वनिफीत थांबवावी. कोणाची कोणाशी तुलना झाली, गट कसे पाडले, मोजमाप कशाने केले आणि त्या प्रसंगी कोणाला काय माहीत होते, हे चार मुद्दे स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगावेत, शक्य असेल तेव्हा लिहावेत, आणि या आराखड्यातून कोणता निष्कर्ष काढता येणार नाही हेही आधीच ठरवावे. मगच पुढे ऐकावे. असे करताना अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला तास लागेल, लागू द्यावा.

‘ऐकताना सगळे समजते’ या अनुभवावर फार विसंबू नये, हेही सांगायला हवे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले; आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. ते प्रयोग वाचनाचे होते, पण तेच व्याख्यान दुसऱ्यांदा ऐकण्याआधी आठवून पाहावे, हा बोध आपल्यालाही घेता येतो.

संख्यात्मक भागाला मात्र कानाची मर्यादा आहे आणि ती मान्य करावी. समजा, व्याख्यानात असे उदाहरण आले : २०० विद्यार्थ्यांपैकी ८० जणांनी जादा तासिका घेतल्या आणि त्यांतले ६० उत्तीर्ण झाले, उरलेल्या १२० जणांतही ६० उत्तीर्ण झाले. तासिका घेणाऱ्यांत उत्तीर्णांचे प्रमाण ७५ टक्के, न घेणाऱ्यांत ५० टक्के. आणि एकूण उत्तीर्णांत तासिका घेतलेल्यांचे प्रमाणही ५० टक्केच. एकदाच ऐकणाऱ्याच्या मनात हे दोन ‘५० टक्के’ एकमेकांत मिसळतात, आणि ‘उत्तीर्णांत निम्मेच तासिकावाले, म्हणजे तासिकांचा उपयोग नाही’ असा चुकीचा अर्थ सहज लावला जातो. कागदावर चार चौकटी आखल्या की टक्केवारी आडवी काढायची (तासिका घेणाऱ्यांत उत्तीर्ण किती) की उभी (उत्तीर्णांत तासिका घेणारे किती) हा प्रश्न डोळ्यांसमोर येतो. काई-वर्ग, सहसंबंध, सार्थकता पातळी हे संख्याशास्त्रातले विषय ऐकताना वही-पेन्सिल हाताशी नसेल, तर ते व्याख्यान त्या दिवशी बाजूला ठेवलेले बरे.

गुणात्मक पद्धतीत, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर चालणाऱ्या संशोधनात, पारडे उलट फिरते. मुलाखतीचे तंत्र तर कानानेच शिकावे, असे मी म्हणेन. ‘ही पद्धत तुम्हाला आवडली ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे, आणि ते त्या ‘ना’च्या सुरात ऐकू येते, ‘या पद्धतीने शिकताना काय काय घडले, सांगाल का?’ या प्रश्नानंतरची शांतता किती वेळ राहू द्यायची, हे छापील पानावरून उमगत नाही. आपण घेतलेली एखादी सराव-मुलाखत, अर्थातच समोरच्याच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करून ऐकावी आणि आपण कुठे घाई केली, कुठे उत्तर सुचवले, ते टिपावे.

विचारवंतांबद्दल फारशी चिंता नको. अमेरिकी शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा का काढली, हा विचारांचा क्रम ऐकून चांगला समजतो. मूळ लेखनातील एखादे प्रकरण नंतर सावकाश वाचावे, म्हणजे झाले.

प्रश्न : व्याख्याने दीडपट वेगाने ऐकली तर चालेल का?

उत्तर : ओळखीच्या विषयाची उजळणी असेल तर चालेल. नव्या संज्ञा एकामागून एक येत असतील, तर नेहमीचा वेगही जास्त वाटतो. तिथे वाचवलेली मिनिटे पुन्हा ऐकण्यात जातात.

प्रश्न : प्रबंधात ध्वनिव्याख्यानाचा संदर्भ देता येतो का?

उत्तर : देता येतो. वक्त्याचे नाव, व्याख्यानाचे शीर्षक, वर्ष, ते कुठे उपलब्ध आहे आणि वाक्य शब्दशः उद्धृत केले असल्यास ते कितव्या मिनिटाला आहे, एवढे नोंदवावे. नेमकी मांडणी आपल्या विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे करावी. मात्र वक्ता दुसऱ्या कोणाच्या संशोधनाबद्दल बोलत असेल, तर मूळ अहवाल मिळवून वाचावा आणि संदर्भ त्याचाच द्यावा, कारण बोलण्याच्या ओघात नमुन्याचा आकार आणि अपवाद गाळले जातात आणि परीक्षक नेमके त्यांबद्दलच विचारतात.