घरात लाइटखाली लावलेल्या टोमॅटोला फुलं येतात पण गळतात. तापमान आणि आर्द्रता किती ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की टेंटमध्ये (झाडं वाढवायच्या बंद कापडी तंबूत) २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे, तरी फुलगळ थांबत नाही आणि दोन घोसांवर करडी बुरशी दिसली. आकडे उत्तम आहेत. पण ते लाइट चालू असतानाचे असणार. लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टेंटची चेन उघडून आर्द्रतेचा मीटर पुन्हा वाचा.

२५ अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. ६० टक्के म्हणजे साधारण १४ ग्रॅम. लाइट बंद झाले, हवा १८ अंशांवर आली, की तिच्यात जेमतेम १५ ग्रॅम मावतं. बाष्प मात्र तेवढंच आहे. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न वाढता तुमचे ६० टक्के ९० झाले! १७ च्या खाली गेलात तर पाकळ्यांवर सरळ दव. करड्या बुरशीला हेच हवं असतं: गारवा, ओल आणि आतल्या घोसात कोंडलेली हवा. आधी ती सुकलेल्या पाकळ्यांवर बसते, तिथून देठात उतरते.

माझी चूक सांगतो. लाइट आणि एक्झॉस्ट फॅन दोन्ही मी एकाच टायमरवर लावले होते. दोन्ही एकदमच बंद व्हायचे, नेमका जेव्हा फॅन सगळ्यात जास्त लागतो तेव्हा. वर पाणीही संध्याकाळी, सवडीने. झाडाला घातलेलं बहुतेक सगळं पाणी शेवटी पानांतून हवेतच जातं. सव्वा मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर उंच टेंटमधली हवा २५ अंशांना ७० ग्रॅमच्या आसपासच बाष्प धरू शकते. तुम्ही रोज दोन लिटर पाणी घालत असाल तर हिशेब तुम्हीच करा. हवा सतत बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा फॅन चोवीस तास चालू, हवं तर रात्री त्याची गती कमी करा. पाणी लाइट लागल्यावर तासाभरात. दाट झालेली खालची पानं काढून टाका आणि एक छोटा पंखा असा ठेवा की पानं नुसती हलतील, फडफडणार नाहीत. रात्रीचं तापमान फार पडू देऊ नका: तीच हवा १८ ऐवजी २० अंशांवर थांबली तर आर्द्रता ९० ऐवजी ८० च्या घरात राहते. फरक छोटा वाटतो, बुरशीच्या बाबतीत नाही.

खोलीतलीच हवा दमट असेल तर नुसता फॅन उपयोगाचा नाही, तो दमट हवाच आत ओढणार. मग डीह्युमिडिफायर घ्या, पण तो टेंटच्या बाहेर, खोलीत ठेवा. ते यंत्र हवेतलं पाणी काढतं आणि बदल्यात उष्णता सोडतं. छोट्या टेंटमध्ये ठेवलंत तर एक दुखणं जाऊन दुसरं येईल.

कारण फुलगळीचं दुसरं कारण उष्णता आहे. दिवसा २१ ते २७ आणि रात्री १६ ते २० अंश ही टोमॅटोची सुखाची जागा. दिवसा ३२ च्या वर किंवा रात्री १३ च्या खाली गेलं की पराग नीट काम करत नाहीत, फलधारणा होत नाही आणि फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळं पडून गळतं. ढोबळी मिरचीचंही थोड्याफार फरकाने असंच.

आर्द्रता फार कमी करायचाही मोह नको. कोरड्या हवेत पराग कुक्षीवर (फुलाच्या मादी भागाच्या टोकावर) चिकटत नाहीत, दमट हवेत ते गोळा होऊन परागकोषातून (पराग असलेल्या पिशवीतून) सुटतच नाहीत. ६० ते ७० टक्क्यांत काम होतं. घरात वारा नाही, भुंगे नाहीत, त्यामुळे दुपारी घोसाच्या देठाला टिचकी मारा किंवा बॅटरीवरचा टूथब्रश टेकवा. मला विचाराल तर निम्मी फुलगळ एवढ्यानेच थांबते.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. झाकणभर मिठात थेंबभर पाणी घालून ओलसर चिखल करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ८२ दिसले तर तुमचा मीटर सात जास्त सांगतोय. आणि तो लाइटच्या थेट प्रकाशात नको, शेंड्यांच्या उंचीवर सावलीत टांगा.

बुरशी लागलेले ते दोन घोस आजच काढा. आधी पंखे बंद करा, घोसावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि मगच कापा. नाहीतर कात्री लागताच ती करडी भुकटी सगळ्या टेंटभर उडते.