ठाण्यात राहत्या इमारतीखालच्या गाळ्यात डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं यंत्र) आहे. एक्झॉस्टला घरी बनवलेला सायलेन्सर चालेल का?

हो, चालेल, पण तो फिल्टरनंतरच्या, स्वच्छ हवेच्या तोंडालाच लावा. माझ्या सुतारकामाच्या गाळ्यात असाच आहे: प्लायचं लांबट खोकं, आत आउटलेटच्याच व्यासाची, भोकं पाडलेली पत्र्याची नळी, भोवती सुती कापड आणि मग ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर). कापड विसरू नका, नाहीतर तंतू हवेत उडतात. नळी अरुंद केलीत की ओढ मरते आणि भुसा करवतीपाशीच साचतो. सोफ्याचा फोम अजिबात नको, एका ठिणगीत पेटतो. या सायलेन्सरनं पंख्याची शिट्टी बरीच दबते. मोटरचा घुमारा मात्र जमिनीतून वर चढतो, त्यासाठी पायांखाली जाड रबर हवं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५, म्हणून रात्री मशीन बंदच ठेवा.