विसरभोळेपणा, ब्राह्मी आणि शंखपुष्पी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. जेवून उठते आणि ‘मला वाढलंच नाही’ म्हणते. ब्राह्मीचा रस सुरू करू का?

उत्तर : रसाची घाई नको. आधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही आणि त्यामुळे आलेलं विसरणं वेळेत उपचार मिळाले तर बरंच सुधारतं. झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, मध्यंतरी पडून डोक्याला मार लागला होता का, हेही डॉक्टरांना सांगा. औदासीन्यातही माणूस असाच विसरतो. ब्राह्मीचा सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क रोज १२ आठवडे घेतलेल्या निरोगी लोकांच्या काही चाचण्यांत स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली. अल्झायमर त्याने बरा होतो, असा पुरावा नाही. शिवाय काहींना मळमळ, जुलाब होतात.

प्रश्न : कुंडीतली गोल पानांची ब्राह्मी चालेल ना?

उत्तर : ती बहुधा कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. ब्राह्मीची पानं बारीक, मांसल असतात. गंमत अशी की चरकसंहितेतल्या चार मेध्य (बुद्धी-स्मरणशक्तीसाठीच्या) रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत, ब्राह्मी नाही! चटणी खुशाल करा, पण वरच्या चाचण्यांचे आकडे या पानांना लावू नका.

प्रश्न : यजमानांना फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे. हल्ली विसरतात. शंखपुष्पीचं सिरप देऊ का?

उत्तर : अजिबात नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच हे नोंदवलं आहे: असं सिरप घेणाऱ्या दोन रुग्णांच्या आटोक्यातल्या फिट्स पुन्हा सुरू झाल्या. मग उंदरांवर तपासलं, तर रक्तातलं फेनिटॉइन खरंच घटलेलं निघालं. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय कसला’ हे वाक्य मला रोज ऐकू येतं. जे औषध शरीरावर काम करतं, ते दुसऱ्या औषधाच्या कामातही हात घालू शकतं. विसरण्याचं मात्र न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा; फेनिटॉइनचं प्रमाण वाढलं तरी माणूस गोंधळतो.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून सासऱ्यांसाठी गिंकोच्या गोळ्या पाठवल्यात.

उत्तर : गिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. अमेरिकेतच ७५ वर्षांपुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. २००८ चा निष्कर्ष: गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही. सासऱ्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डबी उघडू नका.