ई-सायकलचा मागचा डिस्क ब्रेक सतत लागून राहतो, चाक मोकळं फिरत नाही. घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सायकल तीन महिन्यांची आहे, मागे हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर), तारेवरचा डिस्क ब्रेक. चाक उचलून फिरवलं की दोन फेऱ्यांत थांबतं, रेंजही कमी वाटते आणि दुकानदार म्हणतो "घासून घासून सेट होईल". तसं होत नाही. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं चालवावं लागतं हे खरं, पण वाकडा बसलेला कॅलिपर (पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग) चालवून सरळ होत नाही. एका बाजूचा पॅड तेवढा झिजतो.

बहुतेक जण पहिल्यांदा तार सैल करतात. आवाज थांबतो, पण लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही. बॅटरी-मोटरसकट वीस-पंचवीस किलोच्या सायकलला उतारावर हे चालणार नाही. नुसती तार सैल करून भागवू नका.

आधी बॅटरी काढा. चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट नेऊ नका, तिची कड आणि भोकं बोट कापतात. सायकल स्टँडवर किंवा कुणाला तरी मागून उचलून धरायला सांगून काम करा. उलटी ठेवली तर डिस्प्ले आणि थ्रॉटल जमिनीवर घासतात. ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर टाकीतली हवा नळीत शिरण्याचाही धोका असतो.

दोष नक्की ब्रेकचाच आहे ना, हे आता ठरवा. कॅलिपर फ्रेमला धरणारे दोन बोल्ट (५ मिमी अ‍ॅलन की) काढा, कॅलिपर डिस्कवरून उचलून बाजूला धरा आणि चाक पुढच्या दिशेने फिरवा. पुढच्याच दिशेने, कारण गिअर असलेल्या हब मोटरला आत एकेरी क्लच असतो: पुढे मोकळं, मागे फिरवलं की मोटरही फिरते आणि जड लागतं. ते बघून "ब्रेक जाम" समजणारे खूप आहेत. कॅलिपर काढूनही चाक जडच असेल तर मोटरच्या वायरचा कनेक्टर सोडवून बघा. सरळ ओढा, पिळू नका, आत बारीक पिना असतात. मग मोकळं झालं तर भानगड कंट्रोलर (मोटरला वीज देणारी पेटी) किंवा वायरिंगची आहे, ब्रेकची नाही. मोटर बिनगिअरची, मोठ्या घेराची असेल तर चुंबकांमुळे थोडा अडथळा कायमच राहणार.

कॅलिपर काढल्यावर चाक छान फिरलं तर तो परत हाताने हलका बसवा आणि आवाज ऐका. सलग "शीऽऽ" येत असेल तर कॅलिपर किंवा पॅड जागेवर नाही. फेरीत एकदाच "झुप… झुप" होत असेल तर डिस्क आऊट (वाकडी) आहे. ब्रेक दाबून सोडल्यावरच चाक अडकत असेल आणि हळूहळू सुटत असेल तर तार चिकटते. उभं राहून पेडल मारतानाच घासत असेल तर अ‍ॅक्सलचा नट सैल आहे किंवा चाकात प्ले (ढिलेपणा) आहे. पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर घासायला लागलं असेल तर अ‍ॅक्सल खाचेत पूर्ण बसलाय का ते आधी बघा. मोटरचे वायसर चुकीच्या जागी गेले की तो तिरका बसतो, आणि अशा वेळी कॅलिपर हलवून काही उपयोग नाही.

आता मुख्य काम. तारेच्या स्वस्त कॅलिपरमध्ये सहसा एकच पॅड हलतो, तो बाहेरच्या बाजूचा. स्पोककडचा पॅड स्थिर असतो. ओळखायची खूण: वरून बघत लिव्हर दाबा, डिस्क स्पोककडे वाकताना दिसेल. व्हिडिओंमध्ये सांगतात ती "बोल्ट सैल करा, लिव्हर दाबा, बोल्ट आवळा" ही युक्ती दोन्ही पॅड हलणाऱ्या ब्रेकची. एकेरी कॅलिपरवर तसंच केलं की स्थिर पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

म्हणून असं करा. लिव्हरपाशी तार जिथे आत जाते तो गोल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्या, मग एक फेरी बाहेर. कॅलिपरचा हात (तार ज्याला ओढते तो दांडा) स्प्रिंगने पूर्ण मागे गेलाय आणि तार जेमतेम ताणलेली आहे, अशा स्थितीत तारेचा बोल्ट आवळा. स्थिर पॅडचा स्क्रू स्पोकमधून दिसतो, बऱ्याच कॅलिपरना ५ मिमीचीच की लागते. तो पूर्ण मागे घेऊन अर्धी फेरी पुढे आणा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट इतके सैल ठेवा की तो डावी-उजवीकडे सरकेल. एक कोरं, स्वच्छ व्हिजिटिंग कार्ड स्थिर पॅड आणि डिस्कच्या मध्ये सरकवा. लिव्हर घट्ट दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा. कॅलिपर आपोआप सरळ होतो आणि कार्डाच्या जाडीएवढी फट राखली जाते. दोन्ही बोल्ट आलटून पालटून पाव-पाव फेरी आवळा. एक एका दमात आवळलात तर कॅलिपर फिरतो आणि सगळं परत पहिल्यापासून. टॉर्क पाना असेल तर ६ ते ८ न्यूटन-मीटर.

पट्टी सोडा, कार्ड काढा. खाली पांढरा कागद धरून मोबाईलच्या टॉर्चने वरून बघा, डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. बाहेरचा पॅड लागत असेल तर अ‍ॅडजस्टर पाव फेरी आत. लिव्हर फार खोल जात असेल तर आधी स्थिर पॅड किंचित पुढे, मग लागलं तरच अ‍ॅडजस्टर बाहेर. पुढे पॅड झिजतील तेव्हाही हाच क्रम. फक्त तार ताणत गेलात तर डिस्क रोज वाकत राहते.

डिस्क आऊट असेल तर चेनस्टेला (मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) झिप टाय बांधा, तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि जिथे लागतं तिथे मार्करने खूण करा. स्वच्छ छोट्या अ‍ॅडजस्टेबल पान्याने तेवढाच भाग किंचित उलट वाकवा, फिरवून बघा, परत किंचित. डिस्क गार असताना आणि घाई नसताना करायचं काम आहे. डिस्कचे सहा बोल्ट (टी-२५ टॉर्क्स) सैल असले तरी डिस्क आऊटच वाटते, म्हणून ते आधी तपासा. नवी डिस्क साधारण १.८ मिमी जाड असते; १.५ मिमीवर आली किंवा उष्णतेने निळी-जांभळी पडून लहरी झाली असेल तर सरळ करत बसू नका, बदला.

तार चिकटत असेल तर कॅलिपरचा हात बोटाने मागे ढकला. तसं केल्यावरच चाक सुटत असेल तर आऊटरमध्ये (तारेवरच्या आवरणात) पावसाचं पाणी आणि गंज आहे. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. आत तेल मारून आठवडाभर भागतं, नंतर चिखल आणखी धरतो. स्टेनलेस तार आणि नवा आऊटर टाका, पण आऊटर ब्रेकचाच घ्या. गिअरचा ब्रेकच्या जोरात फाटू शकतो. ई-सायकलच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो. तार चिकटून लिव्हर पूर्ण परतला नाही तर मोटर मध्येच बंद पडते आणि लोक कंट्रोलर बदलायला निघतात.

आवाज घालवायला डब्ल्यूडी-४० किंवा चेनचं तेल डिस्कवर कधीही मारू नका. पॅड ते शोषून घेतात आणि मग ब्रेक लागतच नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मार्करची खूणही त्यानेच जाते. पॅड तेलकट झाले असतील तर नवे घ्या. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीस-एक वेळा ताशी २० किमीवरून चालण्याच्या वेगापर्यंत दाबून आणा, चाक लॉक होऊ देऊ नका.

इतकं करून कधीतरी हलकी "शी" ऐकू आली, पण चाक सहज फिरतंय, तर सोडून द्या. मात्र स्थिर पॅडचा स्क्रू फिरतच नसेल किंवा कॅलिपरचा हात स्प्रिंग असूनही परत येत नसेल, तर सायकल वॉरंटीत असेपर्यंत दुकानदाराकडून कॅलिपरच बदलून घ्या.