सातवं पाऊल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लग्नसराई उलटली की माझ्याकडे पत्रं वाढतात. तीस वर्षं इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली केली, आता मुख्यतः समुपदेशन करते. लग्न हा संस्कार आहे असं मी मानते आणि घरातले कुळाचार पाळते. माझी उत्तरं त्याच जागेवरून आलेली आहेत, हे वाचताना ध्यानात असू द्या.

मुलगी २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. मुलगा आपल्यातलाच आहे. दोघांना फक्त रजिस्टर लग्न करायचंय. "धुरात बसून न कळणारे मंत्र कशाला ऐकायचे?" असं ती विचारते. तिची समजूत कशी घालू? — एक आई, सुदामानगर

ताई, आधी कायदा, कारण तुमच्या मुलीचाही इथे घोटाळा झालेला दिसतो. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. पुढचे ३० दिवस हरकतींसाठी असतात आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. हे लग्न पूर्ण कायदेशीर असतं. दोघंही हिंदू असल्यामुळे वारसाहक्कही हिंदू कायद्याचाच राहतो.

पण विधी न करता नुसतं हिंदू विवाह कायद्याखाली नाव नोंदवून यायचं, असा बेत असेल तर तो सोडा. १९५५ च्या त्या कायद्याचं कलम ७ सांगतं की विवाह रूढ विधींनी व्हायला हवा, आणि सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की तो पूर्ण होतो. एप्रिल २०२४ मध्ये दोन वैमानिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यांच्याकडे विवाहाचा दाखला होता, नोंदणी झाली होती, पण विधी झालाच नव्हता. न्यायालयाने ते लग्न मानलं नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, अशी समजही त्या निकालात दिली आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो खरा आहे. मंत्र कळत नाहीत ही तिची तक्रार, आणि ते तिला कोणी कधी सांगितले नाहीत ही आपली चूक. तिला शेजारी बसवून सांगा. सात पावलं अन्नासाठी, बळासाठी, धनासाठी, सुखासाठी, संततीसाठी आणि ऋतूंसाठी. हे सगळं मागून झालं की सातवं पाऊल सख्यासाठी. सातव्या पावलाला पुरोहित म्हणतात त्यात "सखा" हा शब्द आहे. नवरा-बायकोने आयुष्यभर एकमेकांचं मित्र राहायचं, हे आपल्या गृह्यसूत्रांनी केव्हाच सांगून ठेवलंय. त्याआधी कन्यादानाच्या वेळी मुलगा "नातिचरामि" म्हणतो. धर्मात, अर्थात, कामात हिला ओलांडून जाणार नाही, असा तो शब्द देतो. हे ऐकलं की आजची मुलगी नाक मुरडत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

माझ्या भाचीचं लग्न बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. डीजेपुढे गुरुजींचा आवाज पोचेना. त्यांनी शांतपणे पोथी मिटली आणि डीजे थांबेपर्यंत ते बसून राहिले. मग तांदळाच्या सात राशींशी वाकून प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगितला. सातव्या राशीवरची सुपारी पायाच्या धक्क्याने घरंगळून चौरंगाखाली गेली. नवरा-नवरी दोघंही ओणवी होऊन ती शोधायला लागली. सापडेपर्यंत गुरुजी थांबले, पुढचा मंत्र म्हटला नाही. त्या लग्नातलं जेवण काय होतं ते मला आठवत नाही. ती दोन डोकी एकाच चौरंगाखाली गेलेली मात्र अजून दिसतात.

मुलीला म्हणावं, पाचशे माणसं नकोत, धूरही बेताचा ठेवू, पण अर्थ सांगणारे गुरुजी बोलावू. तरीही ती नको म्हणाली तर रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून आनंदाने सही करा. न मानता उरकलेला विधी मला मान्य नाही. त्याने विधीचीच किंमत जाते.

मुलाचं एका ख्रिश्चन मुलीशी ठरलंय. तिचं कुटुंब केरळचं, दोन पिढ्या इंदुरातच आहे. मुलगी गुणी आहे. आमचे नातेवाईक म्हणतात, तिने आधी हिंदू व्हावं, मगच लग्न लावा. तिचे वडीलही तिकडून तसंच काही सुचवतात. — एक वडील, लोकमान्यनगर

काका, दोन्ही बाजूंना नम्रपणे नाही म्हणा.

लग्नासाठी धर्म बदलायला सांगणं मला श्रद्धेचा अपमान वाटतो. आपल्या धर्माचा आणि तिच्याही. घटनेचं कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढ्याच त्याच्या मर्यादा, शिवाय इतरांचे मूलभूत हक्क. १९७७ साली आपल्या मध्य प्रदेशच्याच कायद्यावरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नाही. आज जे नातेवाईक "तिला हिंदू करून घ्या" म्हणतात, त्यांना हाच निकाल दाखवा. तो सगळ्यांना सारखा लागू आहे.

मनापासून धर्म स्वीकारणारी माणसं असतात. सिएटलच्या नॅन्सी मिलर हिंदू धर्माची दीक्षा घेऊन शर्मिष्ठाबाई झाल्या आणि १९२८ साली बडवाहला इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांच्याशी त्यांचं लग्न लागलं. पुढे त्या इथल्याच झाल्या. इंदूरला हे नवीन नाही. पण तुमच्या होणाऱ्या सुनेने तसं काही मागितलेलं नाही. तिच्या तोंडी ते घालू नका.

व्यवहाराचं सांगते. विशेष विवाह कायद्याने लग्न लावा, दोघं आपापल्या धर्मात राहतील. मात्र हिंदू मुलगा बिगर-हिंदू मुलीशी या कायद्याने लग्न करतो तेव्हा तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं कायदा धरतो. मृत्युपत्र नसेल तर त्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. तुमच्या घरात एकत्र कुटुंबाची शेती किंवा वाडा असेल तर आधीच वकिलाकडे बसा. आणि कोणी धर्मांतर करणारच असेल तर २०२१ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याचं कलम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने, स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्यांवर या कलमाखाली कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला होता. त्याची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्या.

नातवंडं कोणत्या धर्मात वाढणार, हा प्रश्न मात्र लग्नाआधीच दोघांना विचारा. "तेव्हाचं तेव्हा पाहू" म्हणणारी जोडपी मी मुलांच्या ताब्यासाठी भांडताना पाहिली आहेत.

समान नागरी कायदा आला तर आपली कुटुंबपद्धती वाचेल की मोडेल? — एक वाचक, तिलकनगर

या प्रश्नावर इंदूरच्या माणसाला शहाबानोबाईंना टाळून बोलता येत नाही. १९३२ साली लग्न, पाच मुलं. नवरा शहरातला नावाजलेला वकील. १९७५ मध्ये त्याने त्यांना घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये बासष्ट वर्षांच्या या बाई पोटगीसाठी इंदूरच्या कोर्टात आल्या. नोव्हेंबरात तलाक झाला. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली महिना २५ रुपये. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. त्याविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला हरला. १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लिम बायकांसाठी वेगळा कायदा केला. २००१ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला, पण इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या काळाच्या, मुदतीतच पुढच्या आयुष्याची तरतूद करून दिली पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला.

मी धर्मस्वातंत्र्याच्या बाजूची आहे, म्हणूनच हा आकडा विसरू शकत नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर २५ रुपये. आणि हे एकाच समाजाचं दुखणं नाही. सप्तपदी घालून आणलेल्या बायकोला अमावस्येच्या रात्री बॅगेसकट माहेरच्या दारात सोडून गेलेला नवरा मी कोर्टात पाहिला आहे. त्याची जानवं घालून, गंध लावून हजेरी असे. पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत १४४ आहे. ते सर्व धर्मांच्या बायकांना, मुलांना आणि आईबापांना लागू आहे.

म्हणून माझं मत असं: ज्याच्यामुळे कोणी उघड्यावर पडतं ते नियम सर्वांसाठी एक असावेत, म्हणजे लग्नाचं वय, पोटगी, वारसा. लग्न कसं लावायचं, मंगळसूत्र की निकाहनामा की चर्चमधली शपथ, यात सरकारने हात घालू नये.

सोसायटीच्या हॉलमधल्या गणपतीच्या आरतीला एका घराने आक्षेप घेतलाय. आम्हीच का नमतं घ्यायचं? — विजयनगर

आरती तुमचा हक्क आहे, ती बंद करू नका. स्पीकर हा मात्र आरतीचा भाग नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, ती मंदिर, मशीद, चर्च सर्वांना. त्या घरी कोणी आजारी आहे का, हे आधी विचारून या. टाळ आणि ताट यांनी आरतीत काही उणं पडत नाही.

"त्यांचेच लाड होतात" असंही तुम्ही लिहिलंय. १९८५ मध्ये केरळच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मी राष्ट्रगीत भरल्या गळ्याने म्हणते, तरी हा निकाल मला आपला वाटतो. उद्या एखाद्या ऑफिसने तुमच्या मुलीला टिकली काढायला सांगितली तर तुम्ही याच निकालाचा आधार घ्याल.

रामबागेतलं घर मुलाच्या नावे दानपत्राने केलं. आता तो औषधाचे पैसेही देत नाही. घर परत मिळेल का? — वय ७८

आजोबा, मिळू शकतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर केलेलं दानपत्र सांभाळ न केल्यास रद्द करून घेता येतं. अर्ज एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, यांच्याकडच्या न्यायाधिकरणात करायचा. अडचण एकच, ती अट कुठेतरी दिसली पाहिजे. दानपत्रात नसेल तर त्या वेळचा दुसरा कोणताही कागद, मुलाच्या हातची चिठ्ठीसुद्धा, शोधून ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या वचनपत्राचा आधार घेऊन दानपत्र रद्द केलं. पोटगी वेगळी मागता येते.

बाकीच्या वाचकांना कळकळीने सांगते, हयातीत घर देऊ नका. मृत्युपत्र करा.

भाच्याने सांगितलं की तो मुलींशी लग्न करू शकत नाही. घरात सुतक असल्यासारखं आहे. समलिंगी विवाहाबद्दल तुमचं काय मत? — मामी, स्नेहलतागंज

मी लग्न स्त्री-पुरुषाचंच मानते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी हा विषय संसदेकडे सोपवला, ते मला योग्य वाटतं. पण तुमच्या भाच्याने तुमचं मत विचारलेलं नाही, त्याने तुमच्यावर विश्वास टाकलाय. त्याला जबरदस्तीने बोहल्यावर उभं करू नका. एका निष्पाप मुलीचं आयुष्य त्यात जातं, अशा तीन केसेस मी चालवल्या आहेत. दिवाळीच्या फराळाला त्याचं ताट नेहमीच्या जागी मांडा.

लग्नाला दोन वर्षं झाली. मी आणि नवरा दोघंही आयटीत. सासूबाईंचा आग्रह आहे की महालक्ष्म्यांचं सगळं मीच करावं. श्रद्धा आहे हो माझी, पण अंगात बळ उरत नाही. — एक सून

बाळ, तुझी श्रद्धा आहे म्हणालीस, माझं अर्धं काम झालं. महालक्ष्म्या घराच्या असतात, एकट्या सुनेच्या नसतात. सासूबाईंना सांग, "आई, तुम्ही रीत सांगा, आम्ही दोघं करतो." त्यातल्या "दोघं" वर जोर दे. सोळा भाज्या चिरायला आदल्या रात्री सगळे बसा. मुखवटे उजळायचं काम सासऱ्यांकडे द्या. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत केलं, चिंच आणि राखेने, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून.

आणि पुरण नवऱ्याकडे दे. पुरणयंत्र फिरवायला जोर लागतो, डाळ गरम असतानाच ते निघायला हवं. पहिल्या वर्षी घट्टसर होईल. तेच नैवेद्याला वाढ.